मिर-३३ नेमकं काय करतो? चरबीची वाहतूक आणि मायक्रोआरएनए

बायोकेमिस्ट्रीच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "मायक्रोआरएनए एमआरएनएला चिकटतो आणि प्रथिन बनणं थांबवतो, इथवर समजलं. पण एकेका मायक्रोआरएनएची शेकडो लक्ष्यं सांगतात. मग तो चरबीच्या वाहतुकीची जनुकं 'नियंत्रित' करतो असं कशाच्या जोरावर म्हणायचं? मिर-३३ रोखला की एचडीएल वाढतं हे २०१० पासून माहीत आहे, तर औषध अजून का नाही? आणि माझ्या प्रोजेक्टसाठी रक्तातले मायक्रोआरएनए मोजावेत का?"

या विषयात नव्या असलेल्यांसाठी एवढंच: एमआरएनए म्हणजे जनुकातून उतरवलेला, प्रथिन बनवण्याचा संदेश; मायक्रोआरएनए म्हणजे त्यावर बसणारा चिमुकला आरएनए, आणि मिर-३३ त्यांतलाच एक; एचडीएल म्हणजे ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात ते. शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी तुमच्या पहिल्याच वाक्यातला "थांबवतो" हा शब्द खोडू या, कारण पुढचा बराच गोंधळ त्यातून होतो. मायक्रोआरएनए सहसा थांबवत नाही, कमी करतो. आणि तेही थोडंच. २००८ मध्ये एकाच वेळी हजारो प्रथिनं मोजून दोन गटांनी हे तपासलं, तेव्हा बहुतेक लक्ष्यांवरचा परिणाम दुपटीहूनही कमी निघाला. म्हणजे १०० रेणू बनायचे तिथे ७० बनले, ८० बनले. विजेचं बटण डोळ्यांपुढे आणू नका. नळाची चावी किंचित आवळली, इतकंच.

यंत्रणा तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. लांब आरएनएमधली केसात लावायच्या आकड्यासारखी वळलेली घडी ड्रोशा हे एन्झाइम कापतं, ती केंद्रकाबाहेर आली की डायसर हे दुसरं एन्झाइम तिला आणखी छाटतं, आणि उरलेला साधारण २२ अक्षरांचा एक धागा आर्गोनॉट प्रथिनाच्या खाचेत बसतो. त्या धाग्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे 'सीड'. एमआरएनएच्या शेपटाकडच्या भागात, ज्याला आपण थ्री प्राइम यूटीआर म्हणतो, तिथे सीडला जुळणारी सहा-सात अक्षरं सापडली की आर्गोनॉट तिथे टेकतो. भाषांतर, म्हणजे एमआरएनए वाचून प्रथिन बनवणं, मंदावतं, एमआरएनए लवकर झिजतो. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे पाहिलं तेव्हा बहुतेकांना ती कृमीची खासियत वाटली होती. त्या दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आता सात अक्षरांची जुळणी ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. चार अक्षरांच्या वर्णमालेत कुठलाही सात अक्षरी तुकडा सरासरी दर १६ हजार अक्षरांमागे एकदा नुसत्या योगायोगानेही सापडतो. त्यामुळे संगणकाने काढलेली शेकडो लक्ष्यांची यादी पाहून दचकायचं कारण नाही, आणि त्या यादीवर भाळायचंही कारण नाही. एखाद्या मायक्रोआरएनएचं "काम" काय, हे यादीच्या लांबीवरून कळत नाही. तो कुठल्या जनुकाबरोबर जन्मतो, कुठल्या पेशीत किती भरतो आणि त्याची खरी लक्ष्यं एकाच दिशेला ढकलतात का, या तीन गोष्टींवरून कळतं. मिर-३३ या तिन्हींवर इतका चोख उतरतो की शिकवायला त्याच्यापेक्षा बरं उदाहरण माझ्याकडे नाही.

त्याआधी वाहतुकीचा नकाशा एकदा नजरेखालून घालू. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ती प्रथिनांच्या वेष्टनात जाते. यकृत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एपोबी या प्रथिनावर चढवून व्हीएलडीएल बाहेर पाठवतं. हे चढवण्याचं काम एमटीपी करतं. वाटेत लायपोप्रोटीन लायपेज, म्हणजे एलपीएल, त्यातलं ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूंना आणि मेदपेशींना देतं. उरलेल्या कणाचं एलडीएल होतं, ते यकृत एलडीएल रिसेप्टरने परत आत घेतं. उलट दिशेचा रस्ता असा: पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल एबीसीए१ हा पंप एपोए-१ या प्रथिनाला देतो, त्याचं एचडीएल बनतं, ते यकृताशी येऊन एसआर-बी१ या रिसेप्टरवर माल उतरवतं, आणि शेवटी कोलेस्टेरॉल पित्तातून बाहेर पडतं. एबीसीए१ किती महत्त्वाचा आहे हे टँजियर आजारात दिसतं. त्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, रक्तात एचडीएल जवळजवळ नसतंच, आणि कोलेस्टेरॉल साठून टॉन्सिल नारिंगी दिसतात. कारण हेच जनुक आहे, हे १९९९ मध्ये सापडलं.

तर मिर-३३. माणसात तो दोन रूपांत आहे. मिर-३३ए हा एसआरईबीएफ२ या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसलेला आहे आणि मिर-३३बी हा एसआरईबीएफ१च्या इंट्रॉनमध्ये. इंट्रॉन म्हणजे जो भाग कापून टाकायचा तो. इथे कापून टाकलेल्या भागातूनच दुसरं हत्यार निघतं. आता ही यजमान जनुकं कोण आहेत ते पाहा. एसआरईबीएफ२ जनुकातून बनणारं प्रथिन एसआरईबीपी-२ हा पेशीचा कोलेस्टेरॉल-पहारेकरी: पेशीच्या आतल्या पटलांत कोलेस्टेरॉल कमी झालं की तो केंद्रकात जाऊन एलडीएल रिसेप्टर आणि एचएमजी-सीओए रिडक्टेज ही जनुकं चालू करतो. "बाहेरून आणा, आत बनवा" असा त्याचा हुकूम. त्याच्याच जनुकातून त्याच वेळी मिर-३३ए निघतो आणि जाऊन एबीसीए१च्या एमआरएनएला धरतो: "बाहेर जाऊ देऊ नका." एकाच आदेशाचे दोन अर्धे, एकाच कागदावर लिहिलेले. २०१० मध्ये हे प्रकाशित झालं तेव्हा काही महिन्यांच्या आत चार-पाच स्वतंत्र गटांचे शोधनिबंध आले, आणि सगळ्यांचा मुख्य निष्कर्ष एकच होता. आमच्या क्षेत्रात असं एकमत क्वचित होतं.

अक्षरं प्रत्यक्ष पाहिली तर जास्त मजा आहे. मिर-३३एची सुरुवात जीयूजीसीएयूयूजीयूए अशी होते आणि मिर-३३बीची जीयूजीसीएयूयूजीसीयू अशी. पहिली आठ अक्षरं तंतोतंत तीच; नववं आणि दहावं तेवढं वेगळं. सीड दोन ते आठमध्ये आहे, म्हणजे दोघांचं सीड एकच, यूजीसीएयूयूजी. साहजिकच दोघांची लक्ष्यंही बहुतांशी एकच. समोरच्या एमआरएनएवर याला जुळणारी जागा वाचायची ती सीएएयूजीसीए अशी, उलट दिशेने. एबीसीए१च्या यूटीआरमध्ये अशा तीन जागा आहेत आणि त्या अनेक सस्तन प्राण्यांत टिकून राहिलेल्या आहेत. मघाचा दर १६ हजार अक्षरांचा हिशोब इथे परत लावून बघा: साडेतीन हजारांच्या आसपास अक्षरांच्या यूटीआरमध्ये एक जागा नशिबाने मिळेल न मिळेल. तीन मिळतात आणि उत्क्रांतीत टिकतात, तेव्हा तो योगायोग म्हणत नाहीत.

आणि बाकीची लक्ष्यं? इथे तुमच्या मुख्य शंकेचं उत्तर आहे. एनपीसी१, जो लायसोसोममधून, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीतून, कोलेस्टेरॉल मोकळं करतो. सीपीटी१ए, सीआरओटी, एचएडीएचबी, जे मेदाम्लं जाळण्याच्या वाटेवरचे आहेत. यकृतात एबीसीबी११ आणि एटीपी८बी१, ज्यांचा संबंध पित्त बाहेर सोडण्याशी आहे. नीट पाहिलंत तर हे सगळे खर्चाचे दरवाजे आहेत: पेशीबाहेर घालवणं, जाळणं, पित्तात सोडणं. मिर-३३ प्रत्येक दरवाजा थोडा थोडा ओढून घेतो. एकेका दरवाजावरचा परिणाम किरकोळ, पण सगळे एका दिशेला, म्हणून एकूण ताळेबंदावर ठसा उमटतो. मायक्रोआरएनएची ताकद एखाद्या जनुकावरच्या जबर आघातात शोधू नका. ती या सहमतीत आहे. शेकडो लक्ष्यं असूनही "चरबीच्या वाहतुकीचा नियंत्रक" म्हणायला मी धजावतो ते याच आधारावर. ज्याची लक्ष्यं दहा दिशांना पांगलेली आहेत त्याच्याबद्दल मी असं म्हणणार नाही, मग एकेका लक्ष्याचा ल्युसिफरेज प्रयोग (तो काय ते पुढे येतंच) कितीही देखणा असो.

वेळेचा मुद्दा पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, पण प्रयोग आखताना तोच नडतो. एबीसीए१ प्रथिन अल्पायुषी आहे, पेशीत तासा-दोन तासांत निम्मं होतं. त्यामुळे भाषांतर जरा मंदावलं की त्याचा साठा लगेच घसरतो. अशा प्रथिनावर मायक्रोआरएनए लावणं सोयीचं. मायक्रोआरएनए स्वतः मात्र आर्गोनॉटच्या आत सुरक्षित बसलेला असतो आणि बराच काळ टिकतो. म्हणजे एसआरईबीपी-२ थंडावला तरी आधी बनलेला मिर-३३ए लगेच नाहीसा होत नाही. विद्यार्थी सहा तासांनी यजमान जनुक आणि मायक्रोआरएनए दोन्ही मोजतात, आकडे जुळत नाहीत आणि मग "प्रयोग फसला" म्हणतात. फसलेला नसतो. घड्याळं दोन आहेत.

पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की दुसरी बाजू जागी होते. कोलेस्टेरॉलपासून बनलेले ऑक्सिस्टेरॉल एलएक्सआर या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला चालना देतात आणि एलएक्सआर एबीसीए१चं लेखन, म्हणजे जनुकावरून एमआरएनए उतरवणं, वाढवतो. त्याच वेळी एसआरईबीपी-२ खाली गेल्यामुळे मिर-३३ए घटतो. एकीकडून जोर, दुसरीकडून ब्रेक सैल. इथवर चित्र सुबक आहे, पण मिर-३३बी त्यात काडी घालतो. एलएक्सआर एसआरईबीएफ१ देखील चढवतो, इन्सुलिनही चढवतं, आणि त्याबरोबर मिर-३३बी वाढायला हवा. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी नेहमी दिसते, त्यात मिर-३३बीचा हात असावा असं स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटण्यासारखं वाटतं. सिद्ध झालं असं मी वर्गात म्हणत नाही. अडचण अशी की उंदरांत मिर-३३बी नसतोच. त्यांच्या त्या इंट्रॉनमध्ये हा तुकडा नाही. म्हणून मिर-३३बी मुद्दाम बसवलेले उंदीर तयार करावे लागले, आणि म्हणूनच पुढे माकडांवरच्या प्रयोगाला इतकं वजन आलं.

उंदीर आणि माणूस यांतल्या फरकाने मला स्वतःला चांगलंच पोळलं आहे. सुरुवातीच्या निबंधांत मिर-३३ हा एबीसीए१बरोबर एबीसीजी१ हा दुसरा कोलेस्टेरॉल-पंपही दाबतो असं होतं. आम्ही टीएचपी-१ पेशी घेतल्या, त्या माणसाच्या. त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनवले, मिर-३३ची प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल घातली. एबीसीए१ प्रथिनाचा बँड, म्हणजे ब्लॉटवरचा पट्टा, फिका पडला, एबीसीजी१चा ढिम्म. अँटिबॉडी बदलली, लायसिस बफर बदललं, पेशींची नवी खेप मागवली. दीड-दोन महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी एका विद्यार्थ्याने माणसाचा आणि उंदराचा एबीसीजी१ यूटीआर शेजारी शेजारी ठेवून सीएएयूजीसीए शोधलं. उंदरात सापडलं. माणसात नव्हतंच. मूळ निबंधात तसं लिहिलेलंही होतं, आम्हीच घाईत वाचलं होतं. तेव्हापासून कुणीही माझ्याकडे नवं लक्ष्य घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुठल्या प्राण्याचा यूटीआर? आणि दुसरा: जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस का?

पुराव्याबद्दल बोलतोच आहे तर एक गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण या विषयातले बरेच कच्चे दावे इथे जन्मतात. नेहमीची रीत अशी की लक्ष्याचा यूटीआर ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकामागे जोडायचा, मायक्रोआरएनएची नक्कल पेशीत घालायची, प्रकाश कमी झाला की जागेतली दोन-तीन अक्षरं बदलून पुन्हा पाहायचं. परिणाम गेला म्हणजे जागा खरी. हे करायलाच हवं, पण हे पुरेसं नाही. नक्कल घातली की पेशीतलं त्या मायक्रोआरएनएचं प्रमाण शेकडो पटींनी वाढतं, आणि एवढ्या गर्दीत आर्गोनॉट कुठल्याही अर्ध्यामुर्ध्या जुळणीवर बसतो. खरी परीक्षा उलट आहे: पेशीत मुळात असलेला मायक्रोआरएनए अँटिसेन्सने, म्हणजे त्यालाच जुळून चिकटणाऱ्या कृत्रिम धाग्याने, अडवा आणि लक्ष्य प्रथिन वर येतं का बघा. नक्कल घातल्यावर ८० टक्के घट आणि अडवल्यावर शून्य वाढ, असे निकाल मी इतके पाहिले आहेत की पहिला आकडा ऐकून आता भुवईही उंचावत नाही. पेशीत ज्याच्या मोजक्याच प्रती आहेत त्या मायक्रोआरएनएला अडवून काय वर येणार? आधी प्रती मोजा.

आणि बँडवर थांबू नका. वाहतूक म्हणत असाल तर वाहतूक मोजा. पेशींना किरणोत्सारी कोलेस्टेरॉल पाजायचं, धुवायचं, माध्यमात एपोए-१ घालायचं, काही तासांनी माध्यमातला आणि पेशीतला किरणोत्सार वेगवेगळा मोजायचा. माध्यमातला भाग भागिले एकूण, गुणिले १००. एपोए-१ न घातलेल्या डिशमधला आकडा यातून वजा करायचा. तो वजा न करता काढलेले आलेख मी परत पाठवतो. एबीसीए१ प्रथिन दुप्पट झालं म्हणून एफ्लक्स, म्हणजे कोलेस्टेरॉलचं बाहेर जाणं, दुप्पट होईलच असं नाही, कारण पंप पेशीच्या पृष्ठभागावर पोचला तरच उपयोग.

आता औषधाचा प्रश्न. २०११ मध्ये दोन महत्त्वाचे निकाल आले. एलडीएल रिसेप्टर नसलेल्या उंदरांत मिर-३३ अडवल्यावर धमन्यांतले आधीच बनलेले चरबीचे थर आटले. आणि आफ्रिकन ग्रीन माकडांत, ज्यांच्यात माणसासारखी ए आणि बी दोन्ही रूपं आहेत, १२ आठवड्यांच्या प्रयोगात एचडीएल सुमारे ५० टक्क्यांपर्यंत वाढलं आणि व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड उतरले. त्या वर्षीच्या परिषदांमधला उत्साह मला आठवतो.

मग वाटेत खड्डे लागले. दुसऱ्या एका गटाला उंदरांत थरांची वाढ रोखली गेल्याचं दिसलं नाही. २०१४ मध्ये, जास्त चरबीच्या आहारावर दीर्घकाळ मिर-३३ अडवलेल्या उंदरांत यकृतात चरबी साठल्याचं आणि ट्रायग्लिसराइड वाढल्याचं प्रसिद्ध झालं. जन्मापासून मिर-३३ नसलेले उंदीर तर लठ्ठच होतात. दरवाजे ओढणारा हात काढला की चरबी नुसती बाहेर वाहून जाईल, ही अपेक्षा भाबडी होती. प्राणी जास्त खाऊ लागला, यकृतातलं मेद बनवणंही बदललं. त्यातून पुढे कळलं ते असं: सगळ्या शरीरातून मिर-३३ काढला तर लठ्ठपणा फायदा खाऊन टाकतो, पण फक्त रक्तपेशी बनवणाऱ्या मज्जेतून काढला, म्हणजे पर्यायाने मॅक्रोफेजमधून, तर धमन्यांतले थर कमी होतात. रक्तातलं एचडीएल मुख्यतः यकृताच्या एबीसीए१मुळे बनतं, मॅक्रोफेजचा त्यात वाटा नगण्य. धमनीच्या भिंतीत मात्र मॅक्रोफेजचा एबीसीए१च कामाला येतो. म्हणजे ज्या आकड्याने सगळे हरखले तो एका पेशीचा होता आणि ज्या फायद्याची आशा होती तो दुसरीचा. माझ्या मते मिर-३३च्या सगळ्या गोष्टीतला सर्वात कमी वाचला गेलेला धडा हाच.

शिवाय तोवर एचडीएलचंच नशीब फिरलं होतं. टॉर्सेट्रॅपिब या एचडीएल वाढवणाऱ्या औषधाची चाचणी २००६ मध्ये मृत्यू वाढल्यामुळे थांबवली गेली होती. २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवलं की एंडोथेलियल लायपेज या एन्झाइममधल्या ज्या बदलामुळे एचडीएल जन्मभर जास्त राहतं, त्या बदलाने हृदयविकाराचा झटका कमी होत नाही. "आमचं औषध एचडीएल वाढवतं" हे वाक्य ज्याच्या जोरावर पैसा उभा राहायचा, त्यातली हवाच गेली.

यकृताच्या बाबतीत मिर-१२२ची कहाणी याहून बोलकी आहे, पण ती मी आटोपशीर ठेवतो. प्रौढ यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी साधारण ७० टक्के एकटा मिर-१२२ असतो. २००५-०६ मध्ये उंदरांत तो अडवला तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरलं. मजा म्हणजे कोलेस्टेरॉल बनवणारी जनुकं वर न जाता खाली गेली. दाबणाऱ्याला अडवल्यावर थेट लक्ष्यं वर जायला हवीत. म्हणजे हा परिणाम अप्रत्यक्ष. २०१२ मध्ये मिर-१२२ कायमचा काढलेले उंदीर आले: रक्त स्वच्छ, यकृत चरबीने भरलेलं, पुढे सुजलेलं, शेवटी गाठी. एमटीपी घटल्यामुळे व्हीएलडीएल बाहेर पडत नव्हतं. रक्ताचा अहवाल उत्तम दिसला, कारण माल गोदामातच अडकला होता. एमटीपी अडवणारं लोमिटापाइड हे औषध २०१२ मध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी मंजूर झालं, त्याचाही मोठा दोष यकृतात चरबी साठणं हाच. म्हणून मिर-३०सी मला जास्त रंजक वाटतो. २०१३ मध्ये दिसलं की तो एमटीपी कमी करतो आणि त्याचबरोबर एलपीजीएटी१ कमी करून मेद बनवणंही आवरतो. उंदरांत रक्तातली चरबी उतरली, यकृतात साठली नाही. लोमिटापाइडला एकट्याने जे साधत नाही ते इथे दोन लक्ष्यांच्या जोडीने साधलं. अनेक लक्ष्यं ही नेहमीच अडचण नसते, असं मी म्हणतो ते अशा उदाहरणांवरून.

एलडीएल रिसेप्टरच्या बाजूला मिर-१४८एचं नाव घ्यायला हवं. २०१५ मध्ये दोन गटांनी तो एलडीएल रिसेप्टर आणि एबीसीए१ दोन्ही दाबतो असं दाखवलं. उंदरांत अडवल्यावर यकृतातले रिसेप्टर वाढले आणि एलडीएल उतरलं. मिर-२७, मिर-१४४, मिर-७५८, मिर-२६ हे एबीसीए१चे आणखी दावेदार, मिर-२२३ एसआर-बी१चा. एबीसीए१वर इतके मायक्रोआरएनए का, असा प्रश्न पडेल. अल्पायुषी प्रथिन आणि लांबलचक यूटीआर असला की प्रत्येकाला जागा मिळते, हे एक कारण. दुसरं थोडं कडवट: ज्याची अँटिबॉडी फ्रिजमध्ये असते त्याचीच लक्ष्यं सापडतात.

माणसांत हे सगळं खरंच घडतं का, याचा मला सर्वात आवडणारा पुरावा औषधातून आलेला नाही, एका अक्षराच्या बदलातून आला आहे. एलपीएल जनुकाच्या यूटीआरमध्ये आरएस१३७०२ या ठिकाणी काही माणसांत टीच्या जागी सी असतो. त्या एका अक्षराने मिर-४१०ची जागा मोडते. ब्रेक निघतो, एलपीएल जरा जास्त बनतं, आणि अशा लोकांत ट्रायग्लिसराइड थोडे कमी व एचडीएल थोडं जास्त आढळतं. ट्रायग्लिसराइड फोडायला मदत करणाऱ्या एपोए५च्या जनुकात याच्या बरोबर उलट: तिथल्या एका बदलाने मिर-४८५ला नवी जागाच तयार होते, एपोए५ घटतं आणि ट्रायग्लिसराइड चढतात. एकीकडे जागा मोडली, दुसरीकडे घडली, आणि दोन्ही वेळा रक्तातला आकडा अपेक्षित दिशेला गेला. परिणाम लहान आहेत. सुरुवातीला सांगितलेल्या आवळलेल्या चावीइतकेच. तुमच्या प्रोजेक्टला संगणकावर काही करायचं असेल तर मी इकडे बघायला सांगेन: चरबीशी संबंधित जनुकांच्या यूटीआरमधले बदल घ्या आणि सीडच्या जागा मोडतात-घडतात ते तपासा. पैसे लागत नाहीत, आणि सहा महिन्यांत हातात काहीतरी येतं.

औषधाबद्दल एवढंच सांगून पुढे जातो: याच आर्गोनॉटचा वापर करणारं, एलडीएल उतरवणारं इन्क्लिसिरान हे औषध २०२० मध्ये युरोपात मंजूर झालं. पण तो मायक्रोआरएनए नाही, लक्ष्याशी पूर्ण जुळणारा सायआरएनए, म्हणजे मुद्दाम बनवलेला छोटा आरएनए, आहे. लक्ष्य एकच, एलडीएल रिसेप्टर नष्ट करायला लावणारं पीसीएसके९, आणि साखरेच्या शेपटीमुळे तो थेट यकृताच्या पेशीत जातो. सुरुवातीचे डोस झाले की वर्षाला दोन इंजेक्शनं. एक लक्ष्य, एक पेशी, ठरलेला परिणाम. मंजुरी देणाऱ्यांना हे पचतं. "आमचा रेणू पन्नास जनुकं थोडी थोडी हलवतो" हे सांगून त्याच टेबलावर बसणं अवघड आहे. तिथे पोचायचं तर मिर-३३ अडवणारा रेणू आधी फक्त मॅक्रोफेजमध्ये नेता आला पाहिजे, आणि त्यावरच सध्या घाम गाळला जातो आहे.

राहिलं रक्तातल्या मोजमापाचं. २०११ मध्ये एचडीएल स्वतःच मायक्रोआरएनए वाहून नेतं हे दाखवलं गेलं, त्यामुळे "चरबीच्या कणांतले मायक्रोआरएनए" हा विषय मोहक झाला. तुमच्यासारख्या अनेकजणी त्यावर प्रोजेक्ट घेतात. माझं मत: एका वर्षाच्या प्रोजेक्टला घेऊ नका, आणि घ्यायचाच असेल तर आठवडाभर फक्त नमुना गोळा करण्याचा सराव करा. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ खचाखच भरलेले असतात. सुई जरा वेडीवाकडी लागली, सिरिंज जोरात ओढली, काही पेशी फुटल्या की तुमच्या प्लाझ्मात त्यांचाच पूर येतो, आणि तो रंग डोळ्यांना दिसण्याआधीच येतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं गुणोत्तर काढा. दुसरा तांबड्या पेशी फुटल्या तरी फारसा हलत नाही. गुणोत्तर चढलेला नमुना बाद, रुग्ण कितीही मुश्किलीने मिळालेला असो. हेपरिनची ट्यूब नको, ते पीसीआर अडवतं, ईडीटीए घ्या. आणि प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवा, कारण मिर-२२३ प्लेटलेटमध्ये भरपूर असतो आणि एका फेरीत प्लेटलेट पूर्ण खाली बसत नाहीत. तो प्लाझ्मा गोठवला की फुटतात, आणि मग एचडीएलवरचा मिर-२२३ म्हणून तुम्ही जे मोजता तो प्लेटलेटचा असतो. दुसरी फेरी गोठवण्याआधी करायची. नंतर करून काही उपयोग होत नाही.